सांगोला मतदारसंघ आणि गणपतराव देशमुख : एका दीर्घ प्रतिनिधित्वाची मीमांसा

महाराष्ट्राच्या विधानसभेच्या इतिहासात सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघास एक वेगळे स्थान आहे. शेतकरी कामगार पक्षाचे भाई गणपतराव देशमुख हे ह्या एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या वतीने, अकरा वेळा निवडून आले. त्यांचा पहिला विजय १९६२ सालचा व अखेरचा २०१४ सालचा. पहिल्या विजयाच्या वेळी यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. अखेरच्या कारकीर्दीत देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होते. ह्या मधल्या काळात राज्यातील पक्षपद्धती पूर्णपणे पालटली. एकपक्षप्रभुत्वाचा काळ संपला, आघाड्यांचा काळ आला, जुने पक्ष फुटले व नवे निर्माण झाले. सांगोल्याचा प्रतिनिधी मात्र बहुतांशी तोच राहिला.

ह्या घटनेचे वर्णन सामान्यतः व्यक्तिगौरवाच्या भाषेत केले जाते. देशमुखांची साधी राहणी, एसटीने प्रवास करण्याची त्यांची सवय, पक्षनिष्ठा आणि निष्कलंक सार्वजनिक जीवन ह्यांचा उल्लेख करून विवेचन तेथेच थांबते. हे सर्व गुण खरे आहेत. तथापि राज्यशास्त्राच्या अभ्यासकास एवढ्याने समाधान मानता येत नाही. सचोटीचे, साधे व निष्ठावंत असे अनेक लोकप्रतिनिधी महाराष्ट्राने पाहिले. त्यांपैकी बहुतेकांस दोन-तीन निवडणुकांनंतर मतदारांनी घरी बसविले. शिवाय अनुदाने, प्रकल्प व परवाने ह्यांचा ओघ सत्ताधारी पक्षाच्या हातून वाहणाऱ्या राज्यात, विरोधी बाकांवर बसणाऱ्या आमदारास पुनःपुन्हा निवडून देण्यात मतदारांचे कोणते हित होते, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. भूमी आणि दुष्काळ

सांगोला तालुका सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात वसला आहे. उत्तरेस माळशिरस, पूर्वेस पंढरपूर व मंगळवेढा, पश्चिमेस आणि दक्षिणेस सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ व जत हे तालुके अशी त्याची चतुःसीमा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथील वार्षिक सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तोही वेळेवर येईल अशी शाश्वती नसते. तालुक्यातून वाहणारी माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते. नीरा उजव्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागापर्यंत पोहोचते. परंतु कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याच्या वाट्यास जे येते तेच सांगोल्याच्या वाट्यास आले. वरच्या भागात ऊस पिकला, खालच्या भागात पाळीची वाट पाहणे उरले.

ह्या भूमीतील जुनी अर्थव्यवस्था ज्वारी, बाजरी, मेंढपाळी आणि खिलार जनावरांची पैदास ह्यांवर उभी होती. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. सोलापूर जिल्ह्यात ज्या तालुक्यांना कालव्याचे पाणी भरपूर मिळाले तेथे सहकारी साखर कारखाने निघाले, आणि कारखान्याभोवती राजकीय सत्तेची केंद्रे निर्माण झाली. अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्याचा माळशिरस तालुक्यातील प्रभाव हे त्याचे ठळक उदाहरण होय. सांगोल्यात पाणीच नसल्यामुळे अशी ऊसकेंद्रित सत्ता दीर्घकाळ रुजू शकली नाही. काँग्रेस पक्षाच्या ग्रामीण वर्चस्वाचा जो मुख्य आधार पश्चिम महाराष्ट्रात होता, तोच येथे दुबळा राहिला. विरोधी पक्षास येथे जी जागा मिळाली, तिचे पहिले कारण भूमीतच शोधावे लागते.

परंतु हे कारण आवश्यक असले तरी पुरेसे नाही. माण, आटपाडी, जत हेही तालुके दुष्काळी आहेत. तेथे असे अखंड विरोधी प्रतिनिधित्व घडले नाही. म्हणून भूमीनंतर संघटनेकडे वळावयास हवे.

२. पक्ष आणि कार्यकर्ता

शेतकरी कामगार पक्षाची उभारणी १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृती नेत्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून केली. ब्राह्मणेतर चळवळीचा वारसा आणि मार्क्सवादी विचार ह्यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न होता. १९५० च्या दाभाडी प्रबंधात त्याची तात्त्विक मांडणी झाली. पुढे जेधे व मोरे हे दोघेही काँग्रेसमध्ये परत गेले. तरीही कुलाबा जिल्हा, मराठवाड्याचा काही भाग आणि सोलापूर-कोल्हापूरकडील काही तालुके येथे पक्ष टिकून राहिला, तो दुसऱ्या फळीतील कार्यकर्त्यांच्या बळावर. गणपतराव देशमुख हे ह्या दुसऱ्या फळीतले होत.

त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. पुण्यास कायद्याचे शिक्षण घेत असताना ते पक्षाच्या विचाराकडे ओढले गेले व नंतर सांगोल्यास येऊन त्यांनी वकिली आणि पक्षकार्य आरंभिले. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ते ज्या तालुक्याचे पुढे पन्नास वर्षे प्रतिनिधी झाले, तो त्यांचा जन्मतालुका नव्हता. वतनदारी, भावकी किंवा सोयरसंबंध ह्यांच्या आयत्या जाळ्यावर त्यांचे नेतृत्व उभे राहिले नाही. तालुक्याच्या न्यायालयात कुळांचे व शेतकऱ्यांचे खटले चालविणारा वकील आणि मोर्चे काढणारा पक्षकार्यकर्ता ह्या दुहेरी नात्याने त्यांनी गावोगाव ओळख निर्माण केली. आमदार झाल्यावरही हे कार्यकर्त्याचे नाते सुटले नाही.

३. तेरा निवडणुका

देशमुखांनी सांगोल्यातून एकंदर तेरा निवडणुका लढविल्या. त्यांपैकी १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ व २०१४ ह्या अकरा त्यांनी जिंकल्या; १९७२ व १९९५ ह्या दोन ते हरले. दुसऱ्या विधानसभेपासून तेराव्या विधानसभेपर्यंतची बारा सभागृहे विचारात घेतली, तर केवळ नववे सभागृह (१९९५ ते १९९९) असे आहे की ज्यात त्यांनी एक दिवसही पाऊल ठेवले नाही. चौथ्या सभागृहात ते उशिरा, पोटनिवडणुकीने आले. त्यांच्या सदस्यत्वाच्या काळाची बेरीज सुमारे पन्नास वर्षांची होते.

ह्या यादीचे महत्त्व राज्याच्या पार्श्वभूमीवर ठेवले म्हणजे कळते. १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसने २१५ जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षास १५ मिळाल्या. १९६७ साली पक्षाची संख्या १९ झाली. १९७२ साली ती ७ वर घसरली. १९७८ साली १३, १९८० साली ९, १९८५ साली पुन्हा १३, १९९० साली ८, १९९५ साली ६, १९९९ साली ५, २००४ साली २, २००९ साली ४ आणि २०१४ साली ३, असा हा आलेख आहे. पक्षाचा आलेख खाली जात असता सांगोल्याची जागा टिकून राहिली. राज्यव्यापी लाटेशी सांगोल्याचा निकाल सहसा बांधलेला नव्हता, असे ह्यावरून म्हणता येईल. १९८० साली इंदिरा काँग्रेसने राज्यात १८६ जागा जिंकल्या, तेव्हाही देशमुख निवडून आले.

निवडणुकांच्या वेळापत्रकाचा मुद्दाही येथे विचारात घेतला पाहिजे. लोकसभेबरोबर विधानसभेची निवडणूक झाली तर मतदार राष्ट्रीय प्रश्नांवर कौल देतो व स्थानिक उमेदवार मागे पडतो, असे एक सर्वसाधारण मत आहे. १९६२, १९६७ व १९९९ ह्या तिन्ही साली दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या आणि तिन्ही वेळा देशमुख विजयी झाले. ज्या दोन निवडणुका ते हरले, त्या दोन्ही स्वतंत्रपणे झाल्या होत्या. तीन-चार उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. परंतु प्रचलित मताची तपासणी करण्यास सांगोला हे उपयुक्त उदाहरण आहे, एवढे निश्चित.

४. दोन पराभवांचा अर्थ

विजयांपेक्षा पराभव पुष्कळदा अधिक शिकवितात. १९७२ साली काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील ह्यांनी देशमुखांचा पराभव केला. बांगलादेश युद्धानंतरच्या वातावरणात त्या वर्षी काँग्रेसने राज्यातील २७० पैकी २२२ जागा मिळविल्या होत्या. शेतकरी कामगार पक्षाचे बहुसंख्य उमेदवार त्या लाटेत वाहून गेले, त्यांत सांगोलाही गेले. पुढे साळुंखे-पाटील ह्यांच्या निधनामुळे १९७४ साली पोटनिवडणूक झाली आणि देशमुख परत आले. ह्या दोन निवडणुकांच्या मध्ये १९७२-७३ चा भीषण दुष्काळ येतो. खडी फोडण्याची कामे, मजुरीचे दर, धान्याचा पुरवठा व जनावरांचा चारा हे त्या काळातील सांगोल्याचे जीवनमरणाचे प्रश्न होते. त्याच १९७४ साली सोलापूर जिल्ह्यातीलच करमाळा मतदारसंघातून पोटनिवडणुकीद्वारे सुशीलकुमार शिंदे काँग्रेसतर्फे प्रथम विधानसभेत आले. एकाच जिल्ह्यात, एकाच दुष्काळानंतर, एका तालुक्याने सत्ताधारी पक्षाचा व दुसऱ्याने विरोधी पक्षाचा उमेदवार निवडला. तेव्हा दुष्काळामुळे आपोआप विरोधी मत तयार होते असे मानणे चुकीचे ठरेल. दुष्काळाचे रूपांतर राजकीय मागणीत करणारी संघटना जेथे आधीपासून होती, तेथेच ते घडले.

१९९५ चा पराभव निराळ्या जातीचा आहे. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील ह्यांनी देशमुखांना अवघ्या १९२ मतांनी हरविले. ह्या वर्षी राज्यात काँग्रेसची लाट नव्हती; उलट काँग्रेस ८० जागांवर आली आणि शिवसेना व भारतीय जनता पक्ष ह्यांचे सरकार स्थापन झाले. म्हणजे १९७२ साली सांगोला राज्याच्या प्रवाहाबरोबर गेले, तर १९९५ साली प्रवाहाविरुद्ध. हा दुसरा पराभव स्थानिक स्पर्धेचा होता. पाटील ह्यांच्या रूपाने तालुक्यात एक तरुण, बोलका व चिवट प्रतिस्पर्धी उभा राहिला, आणि पुढील दोन दशके सांगोल्याची निवडणूक म्हणजे मुख्यतः ह्या दोघांतील झुंज असे तिचे स्वरूप झाले. १९९९ साली देशमुखांनी जागा परत घेतली आणि २०१४ पर्यंत ती सोडली नाही.

दोन्ही वेळा पराभवानंतर देशमुखांनी मतदारसंघ बदलला नाही, पक्ष बदलला नाही, किंवा विधान परिषदेचा आडमार्गही धरला नाही. मतदारांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा होता की हरलेला माणूस उद्याही याच तालुक्यात, याच कार्यालयात भेटणार आहे. राजकीय विश्वास हा असा, पराभवानंतरच्या वर्तनातून दृढ होतो.

५. विरोधी आमदाराची साधने

सत्ता हाती नसताना आमदार आपल्या मतदारांस काय देऊ शकतो? देशमुखांच्या कारकीर्दीतून ह्या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात.

पहिले साधन सभागृहाचे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना ही आयुधे प्रत्येक सदस्यास उपलब्ध असतात. परंतु ती नियमितपणे व अभ्यासपूर्वक वापरणारे सदस्य थोडे. कायद्याचे शिक्षण आणि सभागृहातील दीर्घ उपस्थिती ह्यांमुळे देशमुख नियमांचे जाणकार म्हणून ओळखले जात. १९७७ साली दि. बा. पाटील लोकसभेवर निवडून गेल्यानंतर विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद देशमुखांकडे आले व १९७८ च्या निवडणुकीपर्यंत त्यांनी ते सांभाळले. ह्याच काळात, १९७७ साली, महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाली. मागेल त्यास काम हे तत्त्व कायद्याने मान्य झाल्याने दुष्काळी तालुक्याच्या प्रतिनिधीचे स्थान मूलतः बदलले. पूर्वी काम ही सरकारची कृपा होती व ती सत्ताधारी आमदाराच्या शिफारशीने मिळत असे. आता तो हक्क झाला, आणि हक्काची अंमलबजावणी करवून घेण्यास विरोधी आमदारही तितकाच समर्थ ठरला. सांगोल्याच्या राजकारणाचा विचार करताना ह्या कायद्याकडे म्हणूनच विशेष लक्ष द्यावे लागते.

दुसरे साधन संस्थांचे. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी देशमुखांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली व सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बंद पडत असताना तिने नाव टिकविले. साखर कारखान्याच्या तुलनेत सूतगिरणीचे राजकीय महत्त्व मर्यादित असते, कारण तिच्यावर हजारो उत्पादक सभासदांचे वार्षिक उत्पन्न थेट अवलंबून नसते. तरीही कोरडवाहू तालुक्यात कारखान्याचा पगार मिळविण्याची ती एक जागा होती, आणि पक्षाच्या व्यवहारकुशलतेचा तो पुरावा होता.

ह्याच सदरात डाळिंबाचा उल्लेख करावयास हवा. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची योजना जोडली गेली आणि लहान शेतकऱ्यास स्वतःच्या रानात झाडे लावण्यासाठी अनुदान मिळू लागले. हलकी जमीन, कोरडी हवा व थोडे पाणी ही सांगोल्याची उणीव डाळिंबास मानवली. पुढे गणेश व त्यानंतर भगवा ह्या वाणांनी तालुक्याचे अर्थकारण बदलले. डाळिंबावरील संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र २००५ साली सोलापूरजवळ केगाव येथे सुरू झाले. तेल्या व मर ह्या रोगांनी ह्या पिकावर वारंवार संकट आणले, हेही खरे. ह्या परिवर्तनाचे श्रेय कोणा एकास देता येत नाही. त्यात शेतकऱ्यांची स्वतःची प्रयोगशीलता सर्वांत मोठी. परंतु दुष्काळी कामावर जाणारा मजूर आणि बागेचा मालक हा एकाच योजनेतून घडलेला प्रवास सांगोल्याच्या मतदाराने प्रत्यक्ष अनुभवला, ही राजकीयदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट आहे.

तिसरे साधन चळवळीचे. कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि २००० सालानंतर त्या निवाड्याचा फेरविचार होणार होता. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडविले नाही तर दुष्काळी तालुक्यांची संधी कायमची हुकेल, ह्या जाणिवेतून १९९० नंतरच्या दशकात आटपाडी येथे तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख व डॉ. भारत पाटणकर हे त्या चळवळीचे अग्रणी होते. पाणी आले तर ते समन्यायी पद्धतीने वाटले जावे, केवळ जमीनधारकाच्या मोटेत पडू नये, ही त्यांची मागणी होती. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी कराड तालुक्यातून कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी व सांगोल्याकडे नेणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेस मान्यता मिळाली. १९९५ ते १९९९ ह्या काळात देशमुख आमदार नव्हते. परंतु पाण्याच्या चळवळीत ते होतेच. १९९९ च्या पुनरागमनाचा विचार करताना हा दुवा दृष्टिआड करून चालणार नाही.

६. सत्तेतील दोन कालखंड

देशमुख सर्वस्वी विरोधी बाकांवरच राहिले असेही नाही. १९७८ साली शरद पवार ह्यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले व त्यात शेतकरी कामगार पक्ष सहभागी झाला, तेव्हा ते मंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त करण्यात आले. दुसऱ्यांदा १९९९ साली विलासराव देशमुख ह्यांच्या लोकशाही आघाडी सरकारात पणन व रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे आली. २००२ साली पक्षाने आघाडीचा पाठिंबा काढून घेतला आणि मंत्रिपदही गेले. पन्नास वर्षांच्या सदस्यत्वात सत्तेचा काळ असा जेमतेम चार-पाच वर्षांचा आहे.

ह्या दोन्ही वेळी पक्ष आघाडीतील दुय्यम घटक होता. तथापि आघाडीच्या राजकारणाचा सांगोल्यास एक अप्रत्यक्ष लाभ झाला. काँग्रेसमधील फुटीनंतर तालुक्यातील काँग्रेसविचाराचा मतदार एका छत्राखाली राहिला नाही. विरोधकांची विभागणी ही एकसदस्य मतदारसंघाच्या पद्धतीत किती निर्णायक ठरते, ते पुढे २०१९ साली दिसून आले.

७. जातीच्या स्पष्टीकरणाची मर्यादा

सांगोल्याच्या निकालांचे एक सोपे स्पष्टीकरण जातीच्या आधारे दिले जाते. देशमुख धनगर समाजातील होते आणि सांगोल्यात त्या समाजाची संख्या लक्षणीय आहे. म्हणून ते निवडून येत, असे हे स्पष्टीकरण होय. त्यात तथ्य नाही असे नाही. मेंढपाळ व कोरडवाहू शेतकरी असलेला हा समाज साखरसत्तेच्या परिघाबाहेर होता आणि आपला प्रतिनिधी म्हणून त्याने देशमुखांकडे पाहिले असणे स्वाभाविक आहे.

परंतु हे स्पष्टीकरण तीन ठिकाणी अडखळते. तालुक्याची जातीय रचना १९६७ व १९७२ ह्या पाच वर्षांत, किंवा १९९०, १९९५ व १९९९ ह्या नऊ वर्षांत बदलली नव्हती. निकाल मात्र बदलले. शेजारच्या माळशिरस तालुक्यातही धनगर समाज मोठा आहे. तेथील राजकारण दीर्घकाळ अकलूजच्या हाती राहिले. आणि कोणत्याही एका समाजाच्या मतांवर सांगोल्यात बहुमत होत नाही. मराठा, दलित, माळी व इतर समाजांतील मते मिळाल्यावाचून अकरा विजय अशक्य होते. समाजाचा पाठिंबा हा पाया असेल. त्यावरील इमारत वर्गीय मागण्यांची व पक्षसंघटनेची होती.

८. विक्रमाविषयी

अकरा वेळा निवडून येण्याच्या घटनेस पुष्कळदा भारतातील विक्रम म्हटले जाते. संशोधनाच्या दृष्टीने हे विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. तामिळनाडूत मु. करुणानिधी १९५७ ते २०१६ ह्या काळात तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले. त्यांचे मतदारसंघ बदलत राहिले. केरळात के. एम. माणी हे पाला ह्या एकाच मतदारसंघातून तेरा निवडणुका जिंकले, त्यांतील १९६५ च्या निवडणुकीनंतर सभागृह स्थापनच झाले नव्हते. आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ ह्या काळात बारा वेळा विजयी झाले. देशमुखांचा क्रम महाराष्ट्रात असाधारण आहे. देशात त्यास तोड आहे.

तथापि ह्या तुलनेतूनच सांगोल्याचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. करुणानिधी व चंडी मुख्यमंत्री झाले. माणी दीर्घकाळ अर्थमंत्री होते. तिघांच्याही मागे सत्तेवर येऊ शकणारा पक्ष वा आघाडी होती. देशमुखांच्या पक्षास राज्यात स्वबळावर सत्ता मिळण्याची शक्यता १९६७ नंतर कधीच दिसली नाही. भावी मुख्यमंत्र्यास मत दिल्याचे समाधान सांगोल्याच्या मतदारास नव्हते. त्याने प्रतिनिधी निवडला तो प्रतिनिधी म्हणूनच.

९. वारशाची कसोटी

वय नव्वदीपलीकडे गेल्यावर देशमुखांनी २०१९ ची निवडणूक लढविली नाही. पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख ह्यांस उमेदवारी दिली. शिवसेनेचे उमेदवार म्हणून उभे राहिलेले शहाजीबापू पाटील ह्यांस ९९,४६४ मते मिळाली व अनिकेत देशमुख ह्यांस ९८,६९६. अंतर ७६८ मतांचे. २०१४ साली गणपतरावांना ९४,३७४ मते होती आणि पाटील ह्यांस ६९,१५०. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले तर सामान्य समजास धक्का बसतो. आजोबांची मते नातवाला मिळाली नाहीत म्हणून पक्ष हरला असे म्हटले जाते; प्रत्यक्षात पक्षाची मते चार हजारांहून अधिक वाढली होती. वाढली त्याहून कितीतरी अधिक ती विरोधकांची. २०१४ साली राज्यातील चारही प्रमुख पक्ष वेगवेगळे लढले होते. २०१९ साली शिवसेना-भाजप युती होती आणि देशमुखविरोधी मत एकवटले.

३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे गणपतराव देशमुखांचे निधन झाले. पुढील वर्षी शिवसेना फुटली. शहाजीबापू एकनाथ शिंदे ह्यांच्या गटाबरोबर गेले. २०२४ च्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षातर्फे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले व १,१६,२५६ मते घेऊन विजयी झाले. पाटील ह्यांस ९०,८७० मते पडली. उद्धव ठाकरे ह्यांच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे सुमारे ५१ हजार मतांसह तिसरे राहिले. दोन्ही शिवसेनांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून अधिक होते. अशी बेरीज यांत्रिकपणे करणे योग्य नव्हे, कारण तिसऱ्या उमेदवाराची मते तो नसता तर कोणाकडे गेली असती हे आकड्यांतून कळत नाही. तरीही २०१९ चा पराभव आणि २०२४ चा विजय ह्या दोहोंमध्ये विरोधकांच्या एकीचा वा बेकीचा वाटा मोठा होता, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर पक्षाचा मतदार पाच वर्षांत सतरा हजारांहून अधिक वाढला, हेही खरे. २०२४ साली राज्यात पक्षास मिळालेली ही एकमेव जागा होती.

१०. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. सांगोल्यातील दीर्घ प्रतिनिधित्वास साखरसत्तेचा अभाव ही पार्श्वभूमी लाभली. दुष्काळाच्या प्रश्नास मागणीचे रूप देणारी संघटना हे त्याचे साधन झाले. रोजगार हमीसारख्या हक्काधिष्ठित कायद्यामुळे विरोधी आमदारही उपयुक्त ठरला. आणि विरोधी मतांची विभागणी ही त्यास वेळोवेळी अनुकूल परिस्थिती मिळाली. ह्यांपैकी कोणतेही एक कारण एकट्याने पुरे पडत नाही.

ह्या यशाची दुसरी बाजूही दृष्टिआड करता येत नाही. एका मतदारसंघात पाय रोवणारे नेतृत्व पक्षास राज्यभर वाढवू शकले नाही. १९ जागांचा पक्ष एका जागेवर आला आणि ती एक जागाही घराण्यातील उमेदवाराकडे आली. वतनदारीबाहेरून आलेल्या एका वकील-कार्यकर्त्याने घडविलेली परंपरा अखेर कुटुंबाच्या नावाने ओळखली जावी, हा महाराष्ट्राच्या पक्षसंघटनांच्या स्थितीवरचा अभिप्राय आहे. तसेच पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास जी दशके लागली, त्यांत विरोधी प्रतिनिधित्वाची किंमत सांगोल्याने किती मोजली, हेही तपासावयास हवे. शेजारच्या सिंचित तालुक्यांशी तुलना करून, मतदान केंद्रनिहाय निकाल आणि लाभक्षेत्रांचे नकाशे एकत्र ठेवून हा अभ्यास करता येईल. अकरा विजयांच्या संख्येत जे दडले आहे ते गावपातळीवरील अशा तपासणीतूनच बाहेर येईल, आणि विधानसभेतील प्रतिनिधी व त्याचा मतदारसंघ ह्यांतील नात्याविषयीच्या सिद्धांतांस मराठी मुलुखातील भक्कम आधार मिळेल.